अपठित उताऱ्याचे पठन : शालान्त परीक्षेतील इंग्रजी आकलनाचा एक विचार

‘अपठित’ हा शब्द आपल्या परीक्षाव्यवहारात ‘पाठ्यपुस्तकाबाहेरचा, विद्यार्थ्याने पूर्वी न वाचलेला’ या अर्थाने रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, ग्रामीण महाराष्ट्रातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीच्या इंग्रजी परीक्षेसाठी वर्षभर ज्या रीतीने अशा उताऱ्यांचा सराव करतो, त्या रीतीने तो उतारा परीक्षा झाल्यानंतरही अपठितच राहतो. उत्तरे बरोबर येतात, गुणही पदरात पडतात. वाचन मात्र घडत नाही. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे, आणि बहुतांशी शिक्षकाचाही नव्हे. तो प्रश्नांच्या घडणीत आहे. आणि त्याहूनही अधिक, कळलेला अर्थ कोणत्या भाषेत प्रकट करावयाचा याविषयी आपण मुकाट्याने स्वीकारलेल्या एका गृहीतकात आहे. साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण तिच्या घटनेचा विचार करतो. सरावाचा उतारा व त्याखालील प्रश्नावली हीही एक रचनाच आहे, आणि राज्यातील लक्षावधी मुले कोणत्याही कादंबरीपेक्षा ती अधिक वेळा हाताळतात. तेव्हा तिचीही समीक्षा व्हावयास हरकत नसावी.

विवेचनास काही ठाव असावा म्हणून इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव व त्याचा परिसर येथे डोळ्यांसमोर ठेवला आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या मार्गावरील हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना आणि वालचंदनगरची जुनी औद्योगिक वसाहत ही दोन्ही येथून जवळच. ऊस हे मुख्य पीक; अलीकडे डाळिंब व द्राक्ष. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी सणसर सोडून, बेलवाडीचे रिंगण आटोपून येथे मुक्कामास येते. अशा गावातील मुलास दहावीच्या इंग्रजीत उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले की नाहीत, यावर त्याचे पुढील शिक्षण अवलंबून असते. मुलीच्या बाबतीत तर अनेकदा शिक्षणाऐवजी लग्नाचा विचार सुरू होण्यास तेवढे एक निमित्त पुरते. उत्तीर्ण झालेल्यांची अडचण निराळीच आहे. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत जातो आणि भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती येते. इंग्रजी उताऱ्याखालच्या चौकटी भरण्यात तरबेज झालेला हा मुलगा त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात अडखळतो. कारण तेथे चौकटी नसतात.

प्रथम परीक्षेचे स्वरूप थोडक्यात पाहू. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा 1859 साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढे शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली, 1966 साली आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले, आणि 1975 पासून ही परीक्षा अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस होऊ लागली. अलीकडे ‘प्रश्नपत्रिका’ जाऊन ‘कृतिपत्रिका’ आली. नाव बदलण्यामागील हेतू चांगला होता : पाठांतराऐवजी मुलाने काही कृती करावी. मार्च 2019 च्या परीक्षेत भाषाविषयांचे अंतर्गत गुण वगळले गेले आणि राज्याचा एकूण निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर उतरला. पुढच्याच वर्षी ते 20 गुण परत आले. या घसरणीची कारणे एकाहून अधिक असतील. परंतु लेखी परीक्षा एकटी उभी केली की तिचे पाय किती कृश आहेत, हे त्या वर्षी दिसले असे म्हणावयास हरकत नाही.

तृतीय भाषा इंग्रजीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांस 20, कवितेस 10 आणि अपठित उताऱ्यास सारांशलेखनासह 15 गुण असतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक गुण कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या आकलनाचे. प्रत्येक उताऱ्याखाली कृतींचा एक ठरलेला क्रम असतो. आधी साध्या माहितीची कृती, मग काहीशा गुंतागुंतीच्या माहितीची, त्यानंतर शब्दसंपत्ती, व्याकरण, आणि शेवटी स्वमत. आकृती पूर्ण करा, चौकटी भरा, जोड्या लावा, विधान बरोबर की चूक ते लिहा, ही त्यांची रूपे. अगदी अखेरीस भाषांतराचे 5 गुण असतात. विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या माध्यमाची भाषा संपूर्ण कृतिपत्रिकेत अधिकृतपणे प्रवेश करते ती एवढ्याच जागी, आणि तीही सुट्या शब्दांच्या, सुट्या वाक्यांच्या व एखाद्या म्हणीच्या रूपाने. उताऱ्याचा आणि मराठीचा संबंध कोठेच येत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा घ्यावयाचा आहे.

या परिसरातील काही मुले सरावास बसलेली पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्यांची रीत शिस्तबद्ध होती, आणि ती त्यांस शिकविलेली होती. उतारा प्रथम वाचावयाचाच नाही. आधी कृती पाहावयाची. कृतीतील ठळक शब्द हेरावयाचा. तो शब्द उताऱ्यात शोधावयाचा. सापडला की ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवावयाचे. पेन्सिलीने अधोरेखन करीत हे काम चालते आणि त्यात हुशार मुले विलक्षण वेगवान असतात. या पद्धतीत अर्थाची गरज किती, हे पाहण्यासाठी पुढील वाक्य रचले आहे. ‘द ग्लोपर प्लिम्ड द टोव्हल बिहाइंड द रस्क्.’ आता प्रश्न : ‘हू प्लिम्ड द टोव्हल?’ उत्तर : ‘द ग्लोपर.’ ‘व्हेअर डिड द ग्लोपर प्लिम द टोव्हल?’ ‘बिहाइंड द रस्क्.’ दोन्ही उत्तरे बरोबर, दोन्हींस पूर्ण गुण; आणि ग्लोपर म्हणजे कोण, हे या लेखकासही ठाऊक नाही. मराठीतही हेच करता येईल. ‘गडपाने सोंडुळ्याला मेळवटात खुरवले.’ कोणी खुरवले? गडपाने. कोणाला? सोंडुळ्याला. प्रत्यय व क्रम यांच्या आधारावर वाक्यातील नाती ओळखता येतात. वस्तूंशी गाठ पडावी लागत नाही. हे ज्ञान क्षुल्लक आहे असे भाषाशास्त्राचा अभ्यासक तरी म्हणणार नाही. वाक्यरचनेची जाण ही आकलनाची पूर्वअट आहेच. तथापि पूर्वअटीस सिद्धी समजून गुण देणे ही निराळी गोष्ट झाली.

येथे दोन जुन्या संशोधनांची आठवण देणे योग्य होईल. ट्युइनमन या संशोधकाने 1973–74 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील प्रचलित आकलन-चाचण्या तपासल्या आणि उतारा न दाखविता नुसतेच प्रश्न मुलांपुढे ठेवले. निव्वळ योगायोगाने येतील त्याहून पुष्कळच अधिक उत्तरे बरोबर आली. म्हणजे ते प्रश्न उताऱ्यावर अवलंबूनच नव्हते. आपल्याकडील दोष याच्या उलट दिशेचा आहे. आपले प्रश्न उताऱ्यावर इतके अवलंबून असतात की विद्यार्थ्याच्या बुद्धीवर अवलंबून राहावयास जागाच उरत नाही. दुसरे संशोधन डोलोरेस डर्किन यांचे, 1978–79 मधले. चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून त्यांनी दाखविले की, आकलन शिकविण्यात एक टक्क्याहूनही कमी वेळ जातो. उरलेल्या वेळात शिक्षक प्रश्न विचारतात, उत्तरे तपासतात, स्वाध्याय देतात. परीक्षा घेण्याच्या क्रियेलाच शिकविणे असे नाव पडलेले असते. ‘सराव’ या शब्दाखाली आपल्या शाळांत वर्षभर जे चालते त्याचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. एक कृतिपत्रिका सोडविली, तपासली, दुसरी घेतली. पहिलीत जे कळले नव्हते ते दुसरीत कळावे, असे मध्यंतरी काहीच घडत नाही.

मग कळत नाही ते नेमके काय? ‘शब्द अडतात’ हे ठरीव उत्तर अर्धेच खरे आहे. हू व नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासावरून असे दिसते की, मदतीवाचून एखादा मजकूर नीट समजावयाचा तर त्यातील सुमारे 98 टक्के शब्द वाचकास परिचित असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत अपरिचित शब्द दोनच. अंथुर्ण्याच्या विद्यार्थ्यापुढे येणाऱ्या उताऱ्यात हे प्रमाण पाळले जात नाही, हे उघड आहे. परंतु सगळे शब्द ठाऊक असूनही जेथे अर्थ निसटतो अशा जागा अधिक उद्बोधक असतात, कारण तेथे मराठीची घडण इंग्रजीच्या घडणीशी अडते.

पहिली जागा उपवाक्याच्या स्थानाची. मराठी संबंधी उपवाक्य नामाच्या आधी ठेवते, किंवा ‘जो–तो’ अशी जोडी बांधते, किंवा धातुसाधित विशेषणाने काम भागविते. इंग्रजी ते नामाच्या मागून आणते आणि मुख्य क्रियापद त्याच्याही पलीकडे ढकलते. ‘द फार्मर हूज वेल हॅड ड्राइड अप बॉरोड वॉटर फ्रॉम द ब्रदर ही हॅड क्वॉरल्ड विथ.’ यातील एकही शब्द दहावीच्या मुलास फार अवघड नसावा. मराठीत तो सहज म्हणेल : ‘विहीर आटलेल्या शेतकऱ्याने, ज्या भावाशी भांडण झाले होते त्याच्याचकडून पाणी घेतले.’ पण इंग्रजी वाक्य डावीकडून उजवीकडे चाचपत जाणारा वाचक ‘ड्राइड अप बॉरोड’ या जोडावर थबकतो. आटली कोण आणि घेतले कोणी, हे त्यास उलगडत नाही. भावाचे भांडण तर वाक्याच्या शेपटाशी लोंबत राहते. आणि या वाक्यातील सगळी गंमत त्या भांडणात आहे. ‘फ्रॉम हूम डिड द फार्मर बॉरो वॉटर?’ या प्रश्नाला ‘फ्रॉम द ब्रदर ही हॅड क्वॉरल्ड विथ’ असे उत्तर उतरवून पूर्ण गुण घेणाऱ्या मुलास, शेतकऱ्याला त्या वेळी काय वाटले असेल असे मराठीत विचारले, तर तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. वाक्य समजलेल्या मुलास मात्र हा प्रश्न विचारावाही लागणार नाही. आपल्याच भावकीतली दोन उदाहरणे तो आपणहून सांगेल.

दुसरी जागा सर्वनामाची. मराठीत लिंगवचन क्रियापदापर्यंत पोचते. कर्ता गाळला तरी ‘आली’ म्हणताच कोण आली हे बहुधा कळते. ‘नदी कारखान्याजवळून गेली आणि तिला वास येऊ लागला’ या वाक्यात ‘तिला’ म्हणजे नदीलाच. ‘त्याला’ म्हटले तर कारखान्याला. इंग्रजीचे ‘इट’ दोहोंस सारखेच लागू पडते, आणि निवड अर्थावरून करावी लागते. ज्या वाचकास आपल्या भाषेने ही निवड रूपावरून करावयाची सवय लावली आहे, त्यास ‘इट’, ‘दिस’, ‘दे’ यांच्यापाशी प्रत्येक वेळी एक निर्णय घ्यावा लागतो. असा निर्णय घ्यावयाचा असतो, हेच त्यास कोणी सांगितलेले नसते. अनुच्छेदभर पसरलेल्या ‘दिस’चे पूर्वपद कोणते, असा प्रश्न सरावपुस्तकांत क्वचितच आढळतो, व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दापूर्वी ‘अ’ लावावे की ‘अॅन’, हा मात्र हटकून आढळतो.

तिसरी जागा नकाराची, आणि हीच सर्वांत बोलकी आहे. मराठीत ‘पाऊस पडत नाही तोपर्यंत पेरणी नाही’ असे दोन उघड नकार येतात. इंग्रजीत ‘अनलेस’, ‘अन्टिल’, ‘हार्डली’, ‘टू’ या शब्दांच्या पोटात नकार दडलेला असतो. शालान्त परीक्षेच्या व्याकरणात ‘टू काढून वाक्य पुन्हा लिहा’ किंवा ‘अनलेसऐवजी इफ-नॉट वापरा’ ही रूपांतरे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत. मुले ती बिनचूक करतात. ‘ही वॉज टू टायर्ड टु वॉक’ याचे ‘सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’ असे रूपांतर क्षणार्धात होते. आणि तोच मुलगा उताऱ्यात ‘टू टायर्ड टु वॉक’ आढळताच ‘दमला होता, तरी चालला’ असा अर्थ लावतो! व्याकरणाच्या कृतीतला नकार आणि उताऱ्यातला नकार ही त्याच्या लेखी दोन निरनिराळी दालने आहेत. एकातून दुसऱ्यात जाण्यास दार असते हे त्यास ठाऊक नाही. भाषाशास्त्राचे जे विद्यार्थी पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात जाणार आहेत, त्यांनी या तीन जागा जरी मनावर घेतल्या तरी पुष्कळ काम होईल. मराठी व इंग्रजी यांच्या व्यतिरेकी व्याकरणावर आपल्याकडे प्रबंध झाले नाहीत असे नाही. ते कपाटांत आहेत, आणि दहावीच्या वर्गात मार्गदर्शिका आहे.

आता वस्तुज्ञानाचा प्रश्न. 1988 साली रेख्ट व लेस्ली यांनी बेसबॉलच्या एका खेळाचे वर्णन शाळकरी मुलांस वाचावयास दिले. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात पक्की, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांहून सरस ठरली. हे निष्कर्ष आपल्याकडे पडताळावयास बेसबॉलची गरज नाही. पुढील वाक्य घ्या. ‘अनलेस द टेल इज वॉटर्ड फर्स्ट, द फार्मर्स निअर द हेड टेक इट ऑल.’ शहरातील इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी यातील ‘टेल’ व ‘हेड’ पाहून एखाद्या प्राण्याची कल्पना करील. अंथुर्णे परिसरातील ज्या मुलाने वडिलांबरोबर रात्री पाण्याच्या पाळीवर बसून काढली आहे, त्यास कालव्याचे ‘टेल’ म्हणजे काय, शेजपाळी म्हणजे काय, आवर्तन लांबले की कोणाचा ऊस वाळतो, हे सगळे विनासायास ठाऊक असते. ‘अनलेस’ एवढा एकच शब्द त्यास अडेल, आणि तोही तो अर्थावरून ओढून काढील. सरावाच्या पुस्तकांत मात्र थोरांची चरित्रे, पर्यावरणाचे महत्त्व, वेळेचा सदुपयोग आणि यशाची गुरुकिल्ली यांचीच रेलचेल असते. हे विषय निषिद्ध आहेत असे नव्हे. परंतु त्यांत विद्यार्थ्याला आधीपासून काही ठाऊक असावे, किंवा ठाऊक असलेल्याला धक्का बसावा, अशी जागा नसते. बोधवचने वाचण्यास आकलन लागत नाही. ती कोणत्या दिशेस जाणार हे शीर्षकावरूनच कळते. ज्या उताऱ्याशी वाचकाचा मतभेदच होऊ शकत नाही, त्यावर ‘स्वमत’ मागणे म्हणजे होकार मागणे होय. म्हणूनच स्वमताची उत्तरे ‘येस, आय थिंक’ने सुरू होतात आणि वर्गागणिक एकसारखी असतात.

वस्तुतः अर्थनिर्णय ही गोष्ट या गावाला परकी नाही. अंथुर्ण्याचा मुलगा इंग्रजी उताऱ्यापुढे जरी मुका होत असला, तरी सप्ताहात त्याने कीर्तन ऐकलेले असते. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्यातील एकेका पदावर थांबतो. हेच पद का, दुसरे का नाही. पहिल्या चरणात जे म्हटले त्याला तिसऱ्या चरणात बाध येतो काय. येत असल्यास त्याचा परिहार कसा. हे सगळे दृष्टान्त देत तो उलगडतो आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. गावात पारायणही होते व निरूपणही होते, आणि या दोहोंतला भेद निरक्षर श्रोत्यालाही कळतो. मीमांसकांनी वाक्याचे तात्पर्य ठरविण्यासाठी सहा गमके सांगितली आहेत : उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. कीर्तनकाराने मीमांसा वाचलेली असो वा नसो, त्याच्या निरूपणात ही गमके राबत असतात. उतारा जेथे सुरू झाला आणि जेथे संपला त्यांचा मेळ काय? कोणती गोष्ट लेखक पुनःपुन्हा सांगतो? त्याने नवे असे काय सांगितले? त्यातली सजावट कोणती आणि विधान कोणते? आधार कोणता दिला? हे प्रश्न कोणत्याही इंग्रजी उताऱ्याला जसेच्या तसे विचारता येतील. कृतिपत्रिकेतील आकृत्यांपेक्षा ते अवघड आहेत हे खरे. पण ते परके नाहीत. आपण मुलास जे येते ते वर्गाबाहेर ठेवावयास सांगतो आणि जे येत नाही त्याचा सराव करून घेतो.

यावर असा आक्षेप येईल की, हे सारे मराठीत झाले. प्रश्न इंग्रजीचा आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, हा विचार आपल्याकडे इतका प्रतिष्ठित झाला आहे की, त्यास इतिहास आहे याचाही विसर पडतो. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीने बोलता येत नसे, हा दोष खराच. परंतु वाक्याचा अर्थ लागला की नाही हे लपविण्याची सोय तीत नव्हती. पुढे मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात काम करून 1926 साली द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळा मध्येच सोडणाऱ्या भारतीय मुलाच्या हाती शेवटी काय उरते, असा रोखठोक प्रश्न त्यांनी विचारला. विमा मुदतीपूर्वी मोडला तरी काही रक्कम परत मिळते. तसे अर्धवट सुटलेल्या इंग्रजीचेही काही परतमूल्य असावे, आणि ते वाचनातच असू शकते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी नव्या शब्दांची गर्दी कमी करून वाचनाचा मजकूर वाढविला. आपले सरावाचे उतारे नेमके उलट आहेत : मजकूर तोकडा, शब्द दाट. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत चालविलेला प्रयोगही येथे लक्षात घ्यावयास हवा. त्यांच्या वर्गात नकाशे, वेळापत्रके असे काहीतरी समोर ठेवून त्यावरून अनुमान काढावयाचे काम मुलांस दिले जाई. भाषा ही त्या विचाराच्या ओघात येई. हाती असलेल्या माहितीवरून हाती नसलेली माहिती काढणे, हे त्यांच्या कामाचे मर्म होते. कृतिपत्रिकेवर प्रभूंच्या विचाराची छाया आहे असे म्हणतात. असेलही, पण अनुमानाचे काम गळून गेले आणि नुसता नकाशा उरला.

इंग्रजीचा अर्थ मातृभाषेत विचारणे मागासलेपणाचे आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी ‘असर’च्या 2023 सालच्या पाहणीकडे पाहावे. 14 ते 18 वर्षे वयाच्या ग्रामीण युवकांची ही पाहणी देशातील 28 जिल्ह्यांत झाली. महाराष्ट्रातून तीत नंदुरबार होता. इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे 57.3 टक्के निघाले. आणि जे वाचू शकले त्यांस त्या वाक्यांचा अर्थ विचारला, तेव्हा तो सांगू शकणारे 73.5 टक्के होते. म्हणजे वाक्य घडाघडा वाचणाऱ्या दर चौघांपैकी जवळजवळ एकास ते कळलेले नव्हते. आणि ती वाक्ये अगदी साधी होती. हा चौथा मुलगा ओळखता आला तो अर्थ विचारला म्हणून. आपल्या कृतिपत्रिकेत तो ओळखू येत नाही. तो उतारा उतरवतो आणि उत्तीर्ण होतो.

सारांशलेखनाचे 5 गुण तरी आकलनाचे आहेत ना, असे कोणी विचारील. कल्पना म्हणून ते आहेत. व्यवहारात मुले एकाआड एक वाक्य उचलतात, मध्ये ‘अँड’ घालतात आणि शीर्षक म्हणून पहिल्या ओळीतील नाम देतात. तपासणाऱ्याजवळ गठ्ठे असतात व वेळ थोडा असतो. इंग्रजीत लिहिण्याची असमर्थता आणि इंग्रजी न समजणे या दोन भिन्न गोष्टी या एकाच प्रश्नात एकमेकींच्या आड लपतात. ज्यास समजले पण लिहिता आले नाही तो, आणि ज्यास समजलेच नाही पण उतरविता आले तो, यांच्यातील दुसऱ्यास अधिक गुण मिळतात. परीक्षाशास्त्राच्या दृष्टीने याहून मोठा दोष कोणता?

म्हणून सूचना अशी : अपठित उताऱ्यावरील निदान दोन कृती, चार गुणांपुरत्या, माध्यमाच्या भाषेत उत्तर देण्याच्या असाव्यात. भाषांतर मागू नये. ‘दुसऱ्या अनुच्छेदात लेखक कोणत्या गोष्टीविरुद्ध बोलतो आहे व त्याचे कारण काय, ते तुमच्या शब्दांत सांगा’, ‘पाचव्या ओळीतील इट म्हणजे काय आणि ते कशावरून’, अशा घाटाचे प्रश्न असावेत. जे उत्तर उताऱ्यातून उचलता येत नाही तेच येथे विचारावे. इंग्रजीत लिहिण्याची परीक्षा पत्रलेखनात व इतर लेखनात होतच असते. तिला याने बाध येत नाही. अनेक माध्यमांचा प्रश्न उपस्थित होईल. मराठीबरोबर उर्दू, गुजराती, कन्नड माध्यमांची मुलेही हीच कृतिपत्रिका लिहितात. पण भाषांतराचे 5 गुण आजही त्या त्या भाषेतच तपासले जातात, तेव्हा यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. बाजारातील मार्गदर्शिका महिनाभरात याचीही ठरीव उत्तरे छापतील, ही भीती मात्र रास्त आहे. तिला उत्तर एकच : उतारा खरोखरच अपठित असला पाहिजे, आणि बोधवचनांच्या कोठारातून तो काढलेला नसला पाहिजे.

खरी अडचण आहे ती गुणदानाची. मराठीत सांगितलेल्या अर्थाचे नमुना उत्तर एकच असू शकत नाही. वर दिलेल्या कालव्याच्या वाक्यावर एका मुलाने लिहिले, ‘शेवटाला आधी पाणी द्यावे, नाही तर वरचे सगळे घेतील’, आणि दुसऱ्याने लिहिले, ‘वरचे शेतकरी सगळे पाणी घेतात, म्हणून शेवटाला पाणी मिळत नाही’, तर दोघांस काय द्यावे? पहिल्यास अट कळली आहे. दुसऱ्यास गावची परिस्थिती कळली आहे, आणि ती वाक्य न वाचताही त्यास ठाऊक होती. दोन्ही उत्तरे मराठी म्हणून सारखीच चांगली आहेत. परीक्षक व नियामक यांच्या बैठकीत शब्दांची यादी न वाटता प्रत्येक उताऱ्यातील अशा नात्यांची यादी वाटावी लागेल : अट कोणती, कारण कोणते, नकार कोठे आहे, सर्वनाम कोणाकडे पाहते. ती यादी करण्याचे काम भाषाशास्त्राच्या विभागांनी अंगावर घ्यावे. ‘अनलेस’ची अट एका गुणाची धरावी की दोन गुणांची, यावर त्या बैठकीत वाद होईल. तो अवश्य व्हावा.